पहिली-दुसरीतल्या मुलाची शाळा: पालकांनी कुठे लक्ष घालायचं, कुठे सोडून द्यायचं

पालकसभेच्या दिवशी मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले आई-बाबा मी गेली सोळा वर्षं समोरून बघते आहे. मागच्या वर्षीपासून त्या बाकावर बसायची पाळी माझ्यावरही आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते आणि माझी मुलगी शहरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीत आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच: "मॅडम, अभ्यास कसा आहे त्याचा?" उत्तरही ठरलेलं: "चांगला आहे, फक्त बडबड जरा जास्त." दोन मिनिटांत भेट संपते आणि दोघांनाही नवीन काही कळलेलं नसतं.

दोष प्रश्नाचा आहे. आपलं मूल कसं वाचतं आणि कसं मोजतं, हे ज्या पालकाने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं त्याचा प्रश्न वेगळा असतो, त्यामुळे बाईंचं उत्तरही वेगळं येतं. बाकीची धावपळ (प्रोजेक्ट, ग्रुपवरचे मेसेज, क्लास लावू का) यातली बरीचशी सोडून दिली तरी चालते. पुढचं सगळं त्या हिशोबाने, जून ते एप्रिल अशा क्रमाने लिहिलं आहे. तयारी एवढीच करायची: चाळीस पानी एक वही आणायची. ही वही मुलाची नाही, तुमची.

जून: बाईंना एक चिठ्ठी द्या

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत वर्गशिक्षिकेला गाठा, पण शाळा सुटताना गेटवर नको. त्या वेळी आमचं सगळं लक्ष कोण कुणाबरोबर जातंय याकडे असतं. आधी विचारून वेळ घ्या आणि अर्ध्या पानाची चिठ्ठी हातात द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. एका शिक्षकामागे तीस मुलं असावीत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण शहरात आकडा त्यापुढे गेलेला दिसतो आणि द्विशिक्षकी शाळेत एकाच बाईंपुढे दोन-दोन इयत्ता बसलेल्या असतात.

चिठ्ठीत काय लिहायचं? मला मिळालेली सगळ्यात उपयोगी चिठ्ठी साधारण अशी होती:

"डाव्या हाताने लिहितो, हात बदलायला लावू नये. घरी अहिराणी बोलतो, पुस्तकातले काही शब्द कळत नाहीत. लघवीला जायचं सांगायला लाजतो. शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर पित्त उठतं. न्यायला आजीच येते, दुसऱ्या कुणाबरोबर सोडू नये. फोन संध्याकाळी सहानंतर उचलता येतो."

हुशार आहे, चित्रं छान काढतो, हे लिहू नका. ते आम्हाला आठवड्याभरात कळतं. कळत नाही ते वेगळंच असतं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यायला सतत टाळणारा एक मुलगा होता. मी त्याला आळशी ठरवून मोकळी झाले होते. दिवाळीच्या तोंडावर त्याची आई सहज बोलून गेली, "टीव्हीला नाक लावून बसतो हो घरी." डोळे तपासले तर नंबर निघाला. आईला दिसत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि मला दिसत होतं ते आईला. चार महिने आम्ही दोघींनी ते पोर मागच्या बाकावर बसवून ठेवलं, असंच म्हणायला हवं. डोळे आणि कान पहिलीला घालण्याआधीच तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, पण ते आपल्या शाळेत कोणत्या महिन्यात येईल याच्या भरवशावर राहू नका.

रोज: वीस मिनिटं, त्यातली पंधरा वाचनाची

"आज काय शिकवलं?" याचं उत्तर "काही नाही" असंच येणार. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवस असा गोळा करून सांगता येत नाही. बारीक विचारा. डबा कुणाशेजारी खाल्लास? परिपाठात गोष्ट कुणी सांगितली? आज कोण आलं नव्हतं? कुणाला ओरडा बसला? शेवटच्या प्रश्नावर मुलं भरभरून बोलतात आणि वर्गाची सगळी हवा तुम्हाला कळते.

मग वाचन. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. पहिलीतलं मूल पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हणून दाखवतं, घरातले खूश होतात. त्याच्या बोटाकडे बघा. तोंड तिसऱ्या ओळीवर असतं आणि बोट पहिलीवरच रेंगाळत असतं. धडा पाठ झालेला आहे, वाचता येतच असेल असं नाही. तपासायचं कसं? चित्रावर हात ठेवून ओळ झाका आणि मधलीच एक ओळ वाचायला सांगा. किंवा धड्यातले चार शब्द कोऱ्या कागदावर उलटसुलट लिहून द्या. अडखळलं तर रागवायचं कारण नाही, सुरुवात कुठून करायची ते तुम्हाला कळलं.

वाचताना मूल अडलं की आपण लगेच शब्द सांगून टाकतो. मनात पाच आकडे मोजा. बऱ्याचदा चौथ्या आकड्याला शब्द येतो. नाहीच आला तर फोड करून द्या: "पुस्तक" अडलं तर पु, स्त, क. "वर्ग", "सूर्य" असे रफाराचे शब्द आणि जोडाक्षरं पहिलीच्या शेवटापर्यंत अडणारच, त्यात काळजीचं काही नाही. एक ओळ तुम्ही, एक ओळ त्याने, असं केलं तर थकत नाही. शेवटी पुस्तक मिटून विचारा, "मग काय झालं?" ज्याला हे सांगता येत नाही त्याने अक्षरं वाचली, गोष्ट वाचली नाही.

अंदाजासाठी एक मोजपट्टी लक्षात ठेवा. केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानात (सुरुवात 5 जुलै 2021) इयत्तावार लक्ष्यं दिली आहेत. पहिलीच्या शेवटी मुलाला न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीत किमान 60, आणि तेही समजून. पण मोबाइलवर स्टॉपवॉच लावून रोज मूल पळवू नका. महिन्यातून एकदा, त्याला कळू न देता, एक मिनिट मोजा आणि वहीत आकडा लिहून ठेवा.

वाचायला पुस्तकच हवं असं नाही. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, काहीही चालतं. गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार आणि फुकट आहेत. बालभारतीची पुस्तकंही संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात, म्हणजे पुस्तक शाळेत राहिलं म्हणून अडत नाही.

"मला स्वतःलाच वाचता येत नाही, मी काय घेणार?" असं म्हणणाऱ्या आया-आज्यांना मी एक उदाहरण सांगते. माझ्या एका बॅचमधला सगळ्यात सफाईने वाचणारा मुलगा निरक्षर आजीपाशी वाढत होता. आजी रोज संध्याकाळी त्याच्याकडून पेपरातलं राशिभविष्य वाचून घ्यायची. आधी स्वतःची कर्क, मग मुलाची, सुनेची, मग शेजारणीची. चुकलं तर तिला कळायचं नाही, पण "धनलाभ म्हंजी कवा रं?" असं ती विचारायची आणि त्याला पुन्हा वाचून बघावं लागायचं. राशिभविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण बारा परिच्छेद रोज मोठ्याने वाचले जात होते.

मूल इंग्रजी माध्यमात आणि घरात इंग्रजीचा गंध नाही, अशीही पुष्कळ घरं आहेत. त्यांच्यासाठी एकच सांगणं: घरात मराठी बोलणं थांबवू नका. "टू-डे यू ईट चपाती?" असल्या बोलण्याने इंग्रजी तर येत नाहीच, मुलाचं घरातलं बोलणंही आटतं. इंग्रजी धडा त्याने वाचावा आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगावा. त्याला सांगता आलं तर धडा त्याला समजला.

आकडे: सत्तावीस की बहात्तर?

उरलेली पाच मिनिटं आकड्यांची. मुलाला "सत्तावीस लिही" म्हणा. पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं 72 लिहितात आणि घरी टपली खातात. बोलताना आपण आधी "सत्ता" म्हणतो आणि मग "वीस", म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर. मूल ऐकल्याप्रमाणे डावीकडून लिहीत जातं. त्यात 29, 39, 49 या एकोणतीस, एकोणचाळीस मंडळींची वेगळीच गंमत: नाव पुढच्या दशकाचं आणि अंक मागच्याचा. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" अशी वाचायची रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, वाद विधिमंडळापर्यंत गेला. माझं मत विचाराल तर घरी दोन्ही म्हणा. "सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात." दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवल्या की महिन्याभरात उलटं लिहिणं थांबतं.

निपुणच्या हिशोबाने पहिलीत 99 पर्यंत, दुसरीत 999 पर्यंत आणि तिसरीत 9999 पर्यंत अंक वाचता-लिहिता यायला हवेत. पाढ्यांचा नंबर त्यानंतर. तीसपर्यंत पाढे पाठ असून दहा रुपयांतून सात गेले तर किती उरले हे न सांगता येणारी मुलं दर वर्षी माझ्याकडे असतात. दुकानात सुटे पैसे त्याच्या हातात द्या.

शनिवारी: दप्तर आणि वह्या

शनिवारची अर्धी शाळा सुटली की दप्तर जमिनीवर उपडं करा. त्यातून दोन दगड, अर्धी पोळी आणि मागच्या आठवड्यातली सूचना निघेल. वजनकाट्यावर आधी एकटे आणि मग दप्तर घेऊन उभे राहा: दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. बावीस किलोच्या मुलाला दोन किलोच्या आसपास. जास्त भरलं तर बघा, शाळेने न सांगितलेल्या किती वह्या आपणच रोज भरतो.

वही बघताना अक्षराकडे शेवटी बघा. आधी तारखा बघा. मधले चार दिवस कोरे असतील तर मूल गैरहजर होतं, की लिहायला मागे पडतं? मग मागची दहा पानं चाळून एकच चूक पुन्हा पुन्हा येते का ते शोधा. दर वेळी "ध" आणि "घ" ची गल्लत, दर वेळी हातचा विसरणं, असं काहीतरी सापडतं. सापडलेली एकच गोष्ट त्या आठवड्याला घ्यायची. बाकीच्या चुका दिसल्या तरी गप्प बसायचं. हे मोठ्यांना फार जड जातं.

शेवटी तुमच्या त्या चाळीस पानी वहीत तारीख घालून दोन ओळी: काय जमलं, काय अडलं.

गृहपाठ आणि प्रोजेक्ट

शालेय दप्तर धोरण 2020 प्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. प्रत्यक्षात बऱ्याच शाळा देतात, आणि "काहीच अभ्यास देत नाहीत" अशी तक्रार पालकच करतात, हेही खरं. दिला असेल तर मुलाला बसवा, शेजारी बसा, पण पेन्सिल हातात घेऊ नका. चुकलेला गृहपाठ आमच्या कामाचा असतो, कुठे अडलं ते त्यातून कळतं. आईने खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलेला गृहपाठ काहीच सांगत नाही. वीस मिनिटांत झालं नाही तर तिथेच थांबवा आणि खाली लिहा, "इथपर्यंत स्वतः केलं. पुढे जमलं नाही."

प्रोजेक्टबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलू? मुलीच्या "आपले मदतनीस" तक्त्यासाठी रात्री साडेदहाला स्टेशनरीचं दुकान उघडायला लावणारी मीच. पोस्टमन मी कापला, डॉक्टर नवऱ्याने चिकटवला, मुलगी झोपली होती. वर्गात सगळे तक्ते तसेच, एकजात सुबक. माझ्या स्वतःच्या वर्गात मी आता सांगून टाकते: वाकडं चालेल, मोठ्यांचा हात नको.

पालकसभा: दोन प्रश्न घेऊन जा

शिक्षकांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकांचं कर्तव्य आहे. तेव्हा भेट मागताना संकोच नको. जाताना तुमची वही घ्या आणि असं विचारा:

"घरी वाचताना जोडाक्षराला थांबतो, बाकी सलग वाचतो. वर्गात पण तसंच होतं का?"

"पुढच्या महिनाभर घरी एकच गोष्ट करायची तर कोणती करू?"

पहिल्या प्रश्नावर शिक्षिकेला तुमच्या मुलाचाच विचार करावा लागतो. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला पाळता येतं. महिन्याने "तुम्ही सांगितलं तसं केलं, एवढा फरक पडला" असं कळवलंत तर ती शिक्षिका तुमच्या मुलाकडे आपोआप जास्त बघते. मी बघते, म्हणून सांगते.

सभेत मूल शेजारी उभं असेल तर त्याच्यादेखत "हा घरी अज्जिबात ऐकत नाही" सुरू करू नका. आणि बाबांनो, तुम्हीही या. माझ्या सभेला तीसपैकी पंचवीस आयाच असतात. कामाच्या दिवशी जमत नसेल तर आधी सांगा, शनिवारी शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं बहुतेक शिक्षक देतात.

दिवाळीआधी आणि 1 मेला: प्रगतिपत्रक कसं वाचायचं

राज्य मंडळाच्या शाळांत 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभरातलं बोलणं, कृती, वहीकाम यांना, आणि 30 टक्के सत्राच्या शेवटच्या संकलित चाचणीला. म्हणून "परीक्षेत पाच मार्क का गेले" हा या वयात फारसा अर्थाचा प्रश्न नाही. अ-1 म्हणजे 91 ते 100 टक्के. शेजारच्याला अ-1 आणि आपल्याला अ-2 यावर घरात सुतक नको.

नजर श्रेणीवरून खाली, वर्णनात्मक नोंदींवर न्या: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. यातली "सुधारणा आवश्यक"ची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा आम्ही ती ठोकळेबाज लिहितो. "वाचनाचा सराव करावा" असं दिसलं तर तिथेच विचारा, "कशाचा? मात्रांचा, जोडाक्षरांचा, की समजून वाचण्याचा?"

ग्रुप आणि समित्या

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सूचनांपुरता ठेवा. मुलाची तक्रार, दुसऱ्याच्या मुलाचं नाव, मार्कांचे फोटो तिथे टाकायचे नाहीत. रात्री अकराला "उद्या कोणता युनिफॉर्म?" विचारण्याऐवजी मुलाला विचारा, त्याला माहीत असतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. सरकारी शाळांत तिचा शब्द वजनदार असतो, अनुदानित शाळांत ती सल्ला देण्यापुरती. स्वच्छतागृहाची कडी, पाण्याची टाकी, पोषण आहारातली खिचडी हे सगळं तिथे मांडायचं. पहिली ते पाचवीला दिवसाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं देणं अपेक्षित आहे. एखाद्या दुपारी शाळेत जाऊन मुलांबरोबर जेवा, नुसत्या वासाने बरंच कळतं. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, आणि फी ठरवताना त्याच्या कार्यकारी समितीला 2011 च्या शुल्क नियमन कायद्याने बोलायचा हक्क आहे. वर्षाच्या सुरुवातीला नाव दिलं नाही तर मार्चमध्ये फी वाढल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो.

काही बिनसलं तर

आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, हा क्रम पाळा. मुख्याध्यापकांकडे जाताना लेखी द्या आणि पोच घ्या. जिल्हा परिषदेत त्यापुढे केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. माझ्या मुलीला एकदा डब्यावरून सगळ्यांसमोर बोलणी बसली तेव्हा मी शिक्षिका असूनही दोन दिवस गप्प बसले, उगीच वैर नको म्हणून. मग जाऊन बोलले. पाच मिनिटांत मिटलं. जे ऐकलं ते "मुलगी असं सांगते, तुमच्याकडून समजून घ्यायला आले" अशा शब्दांत मांडलं की समोरच्यालाही मागे यायला वाट राहते.

मारणं आणि मानसिक छळ मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार बंद आहे, तिथे समजून घ्यायचं काही नाही. आणि अंगाला हात लावण्याचा विषय असेल तर हा क्रम विसरा. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, थेट 1098 वर किंवा पोलिसांना कळवा.

एप्रिल: वही पुढे द्या

वर्षाच्या शेवटी बहुतेक घरांत वह्या रद्दीत जातात. जूनची पहिली आणि एप्रिलची शेवटची अशी दोन पानं फाडून ठेवा आणि मुलाला शेजारी शेजारी दाखवा. मग तुमच्या चाळीस पानी वहीवरून पुढच्या वर्षीच्या बाईंसाठी नवी अर्ध्या पानाची चिठ्ठी तयार करा. माझ्या मुलीची यंदाची अशी झाली आहे: "सलग वाचते, पण पूर्णविरामाला थांबत नाही. 39 आणि 49 मध्ये अजून गोंधळ. शिक्षिकेची मुलगी आहे म्हणून वर्गात प्रश्न विचारायला लाजते, कृपया तुम्हीच विचारावं."